फुंकर कोणती घालावी?

प्रत्येक जुन्या घरांत एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्या तळाशीं, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका व जुन्या दस्तऐवजांच्या खालीं, छायाचित्रांच्या निगेटिव्हांचें एक पाकीट असतें. भिंतीवरचीं चित्रें सर्वांस दिसतात. त्यांना हार पडतात, त्यांच्या कांचा पुसल्या जातात. पाकिटाची आठवण मात्र कोणास होत नाहीं. वस्तुतः भिंतीवरचें चित्र हें कार्य आणि पाकिटांतील निगेटिव्ह हें त्याचें कारण होय. चित्र फाटलें तर निगेटिव्हवरून दुसरें काढतां येतें. निगेटिव्ह बिघडली तर गेलें तें गेलेंच. हें मला पूर्वीपासून ठाऊक होतें. ठाऊक असूनहि माझ्याच हातून एक निगेटिव्ह बिघडली, आणि तीहि साधीसुधी नव्हे. ती कशी बिघडली, आणि त्यानंतर धूळ झाडण्याच्या निरनिराळ्या वाऱ्यांविषयीं मी काय शिकलों, तें वाचकांपुढें ठेवावें म्हणजे निदान दुसऱ्या घरांत तसें होणार नाहीं, एवढ्याच हेतूनें हा लेखनप्रपंच.

आमचे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, तरुणपणीं छायाचित्रणाचे मोठे षोकी होते. १९६७-६८ च्या सुमारास त्यांनीं आग्फा क्लिक-३ नांवाचा साधा कॅमेरा घेतला होता. त्याच्या एका गुंडाळीवर सहा सेंटिमीटर लांब व तितकींच रुंद अशीं बारा चित्रें निघत. आमच्या वाईकडील वाड्याचीं, चौकांतल्या मुंजीचीं, विहिरीवरच्या रहाटाचीं अशीं पुष्कळ चित्रें त्यांनीं काढलीं. आई मात्र चित्र काढूं देत नसे. एकदांच ती तुळशीपाशीं उभी असतां दादांनीं कांहीं विनोद केला, ती हंसली, आणि त्यांनीं तेवढ्यांत खटका दाबला. आईचें हंसतांनाचें तेवढें एकच चित्र. वाडा पाडला त्या धांदलींत त्याची छापील प्रत हरवली. निगेटिव्ह मात्र राहिली.

गेल्या श्रावणांत चिरंजीवांनीं निगेटिव्हवरून संगणकांत चित्र उतरवून घेणारें स्कॅनर-यंत्र घरीं आणलें, आणि ट्रंकेंतलें पाकीट बाहेर निघालें. आंत बत्तीस निगेटिव्ह, व त्यांवर पन्नासाहून अधिक वर्षांची धूळ. चिरंजीव कचेरींत गेले होते. त्यांच्या टेबलावर संगणकाच्या कळा झाडण्यासाठीं आणलेला एक पत्र्याचा डबा होता. त्याला वर खटका, व खटक्याला एक बारीक नळी. खटका दाबतांच जोराचा वारा सुटतो, हें मीं पाहिलें होतें. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘एअर’ असें छापलेलें होतें. मी मनांत म्हणालों, हवा ती हवा. तिनें कोणाचें काय बिघडणार? सर्वांत आधीं आईचीच निगेटिव्ह घेतली, टेबलावर आडवी ठेवली, आणि डबा तिरपा धरून चार बोटांवरून खटका करकचून दाबला.

नळींतून वाऱ्याबरोबर पाण्यासारखे थेंब उडाले. निगेटिव्हवर क्षणांत पांढरें हिंव धरलें, आणि पाहतां पाहतां त्याचें दंव झालें. बाहेर पावसाची झड लागलेली होती. मी घाबरलों, आणि घाबरलेला मनुष्य जें करतो तेंच मीं केलें: धोतराच्या सोग्यानें ती ओल पुसली. निगेटिव्ह उजेडाकडे धरून पाहतों तों आईच्या गालापासून कपाळापर्यंत तीन ओरखडे उमटलेले!

सूनबाई रसायनशास्त्राची पदवीधर आहे. ती धांवत आली, तिनें डबा उलटसुलट करून पाहिला, आणि हळूच विचारलें, “मामंजी, मागचीं बारीक अक्षरें वाचलीं होतींत का?” मीं पस्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवलें, मूळ श्लोकाखालची टीप वाचल्यावांचून अर्थ लावूं नका, असें प्रत्येक वर्गास बजावलें. तो उपदेश माझ्यापुरता डब्यापाशीं येऊन थांबला होता. त्या बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, डबा उभाच धरावा, हलवूं नये, तिरपा करूं नये, आणि थोडाथोडाच दाबावा. शिवाय आंत जें भरलें होतें, ती हवा नव्हतीच.

धूळ कोणती जाते आणि कोणती जात नाहीं

झरोक्यांतून आलेल्या उन्हाच्या तिरिपींत जे सूक्ष्म कण तरंगतांना दिसतात, त्यांना आपल्या प्राचीनांनीं त्रसरेणु असें नांव दिलें आहे, व मापनाचा आरंभ तेथूनच केला आहे. छायाचित्रकाराचीहि सारी भीति ह्या त्रसरेणूचीच असते. निगेटिव्ह लहान व चित्र मोठें. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरील चित्राची रुंदी ३६ मिलिमीटर. तें ३० सेंटिमीटर रुंद छापावयाचें तर आठपट वाढवावें लागतें. म्हणजे एक दशांश मिलिमीटरचा, साध्या डोळ्यांस जेमतेम दिसणारा कण, चित्रावर जवळजवळ एक मिलिमीटरचा ठिपका होऊन बसतो. तो नाकावर बसला तर माणसाचें रूपच पालटतें.

ह्या ठिपक्यांत दोन जाती आहेत, व त्या ओळखतां आल्या पाहिजेत. छापतांना निगेटिव्हवर धूळ असेल तर तेथून प्रकाश जात नाहीं, कागद कोरा राहतो, आणि चित्रावर पांढरा ठिपका दिसतो. हा दोष निवारण करतां येतो. धूळ झाडली कीं ठिपका गेला. परंतु चित्र घेतेवेळीं कॅमेऱ्याच्या आंतच फिल्मवर कण बसलेला असेल, तर तेवढ्या जागीं प्रकाश पोहोंचत नाहीं, निगेटिव्ह तेथें पारदर्शक राहते, आणि छापील चित्रावर काळा ठिपका येतो. हा जन्मखुणेसारखा असतो. कितीहि फुंकलें तरी जात नाहीं. काळ्या ठिपक्यासाठीं निगेटिव्ह घासत बसणारा मनुष्य नसलेला रोग बरा करण्यासाठीं निरोगी शरीर चिरीत असतो.

फिल्मला दोन बाजू असतात. एक चकचकीत, ती आधाराची. दुसरी किंचित् मंद, तिच्यावर चित्र असतें. चित्र धरून ठेवणारा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढलेल्या शुद्ध सरसाचा असतो. (सोवळ्यांतल्या आईची छबि हाडांच्या सरसावर उमटावी, हें तिला कळतें तर ती आणखीच हंसली असती.) हा सरस कोरडा असतां बराच टणक असतो, ओल लागली कीं फुगतो व मऊ पडतो. माझ्या अपराधाची उपपत्ति येथें आहे. डब्यांतल्या थंड द्रवानें फिल्म गारठली. श्रावणांतल्या दमट हवेंतलें पाणी त्या गार पृष्ठावर जमलें. पाण्यानें सरस मऊ झाला. आणि मऊ झालेल्या सरसावरून मीं सोगा फिरवला. थेंब उडाले तेथेंच मी स्वस्थ बसलों असतों, तर ओल आपोआप वाळली असती व नुकसान पुष्कळच कमी झालें असतें. डब्यानें जें आरंभिलें तें माझ्या घाईनें पुरें केलें.

धूळ फिल्मला चिकटते ती नुसत्या वजनानें नव्हे. कोरड्या हवेंत फिल्म पाकिटांतून ओढली, कापडावर घासली, कीं तिच्यावर स्थिर विद्युत् सांचते. कोरड्या केंसांवरून फणी फिरवून ती कागदाच्या कपट्यांजवळ नेली असतां ते उडून चिकटतात, तोच हा प्रकार. वारा कणाला उडवतो, परंतु ही विद्युत् तशीच राहते, आणि उडालेला कण फिरून येऊन बसतो. दुसरी अडचण अशी कीं, वारा कितीहि जोराचा असला तरी अगदीं पृष्ठालगत त्याची गति मंदावते. आपल्या छतावरचा पंखा पाहा. दिवसभर इतक्या वेगानें फिरतो, तरी त्याच्याच पात्यांवर धुळीची पुटें चढतात. जें पात्यावर, तेंच फिल्मवर. मोठे कण व तंतू फुंकरीनें जातात. अतिसूक्ष्म कणांना वारा पुरा पडत नाहीं, त्यांना मऊ कुंचला लागतो. म्हणून ‘आणखी जोराचा वारा’ हें धुळीवरचें उत्तर नव्हे.

डब्यांत काय असतें

ज्याला बाजारांत ‘हवेचा डबा’ म्हणतात, त्यांत बहुधा हवा नसते. दाबाखालीं द्रवरूप झालेला एक वायु असतो, आणि खटका दाबतांच त्याची वाफ होऊन बाहेर पडते. अशी युक्ति करण्याचें कारण उघड आहे. नुसती हवा लहानशा पातळ डब्यांत फार मावत नाहीं व दाब झपाट्यानें उतरतो. द्रव असला कीं त्याचा शेवटचा थेंब संपेपर्यंत वाफ निघत राहते. परंतु पाण्याची वाफ होण्यास जशी उष्णता लागते, तशी ह्या द्रवालाहि लागते. ही गुप्त उष्णता तो डब्यांतूनच ओढून घेतो. म्हणून खटका दाबून धरला तर डबा हातास गार लागतो, दाब उतरतो व वारा मंदावतो. डबा तिरपा वा उलटा केला तर वाफेऐवजीं द्रवच नळींत शिरतो, आणि तो उणें पंचवीस अंशांच्या आसपास उकळणारा असल्यामुळें ज्याला लागेल त्याला गोठवतो. कातडीस लागला तर फोड येतो. भिंगास लागला तर डाग राहतो, क्वचित् तडाहि जातो.

हा वायु कोणता, हें काळाप्रमाणें बदलत आलें आहे. पूर्वीं ह्या कामीं डायक्लोरोडायफ्लुओरोमीथेन हा, शीतकपाटांत असे तोच वायु वापरीत. त्याला वास नाहीं, तो पेट घेत नाहीं, धातूस खात नाहीं. सर्वगुणसंपन्न अशी त्याची ख्याति होती. पुढें १९७४ सालीं रोलंड व मोलिना ह्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, असले वायु आकाशांत फार उंच जाऊन, सूर्याच्या प्रखर किरणांपासून आपलें रक्षण करणारा ओझोनचा थर नासवतात. १९८५ सालीं अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचा शोध प्रसिद्ध झाला, आणि १९८७ च्या सप्टेंबरांत माँट्रिअल येथें राष्ट्रांनीं हे वायु बंद करण्याचा करार केला. रोलंड, मोलिना व क्रुट्झेन ह्यांना १९९५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. टेबलावरची धूळ झाडतांना आपण आकाशाला भोंक पाडीत होतों, हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

त्यांच्या जागीं जे वायु आले ते मुख्यतः दोन. पहिला टेट्राफ्लुओरोईथेन, डब्यावर त्याची खूण १३४-ए अशी असते. तो साधारणपणें पेट घेत नाहीं, परंतु पृथ्वी तापवण्याच्या कामीं तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या १३०० ते १५०० पट समर्थ आहे. दुसरा डायफ्लुओरोईथेन, त्याची खूण १५२-ए. त्याचा तापवण्याचा गुण पुष्कळ कमी, १२० ते १६५ पट; परंतु तो ज्वालाग्राही आहे. म्हणजे एकाचा अपराध आकाशापाशीं, तर दुसऱ्याचा घरापाशीं. समई, निरांजन, गॅसची शेगडी, तापलेला एन्लार्जरचा दिवा, ठिणगी पाडणारें विजेचें बटण ह्यांपैकीं कांहींहि जवळ असतां १५२-एचा फवारा सोडणें हा अविचार होय. ओझोनला हे दोन्ही वायु धक्का लावीत नाहींत. तापवण्याच्या गुणामुळें मात्र २०१६ सालीं किगाली येथें त्यांचा वापर क्रमाक्रमानें कमी करण्याचें ठरलें, व भारतानें त्या ठरावास २०२१ सालीं मान्यता दिली.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक घरांत माहीत असाव्यात. एक अशी कीं, हा वायु हुंगल्यास हृदयाची गति एकाएकीं बिघडून निरोगी तरुण मुलगाहि तत्काळ दगावूं शकतो. मुलांनीं तो हुंगूं नये म्हणून कांहीं कारखानदार त्यांत अत्यंत कडू द्रव्य मिसळतात. हें योग्यच आहे. परंतु तेंच कडू द्रव्य भिंगावर वा फिल्मवर पातळ पुटासारखें राहूं शकतें. दुसरी अशी कीं, साध्या उष्णमानांत डब्यांतला दाब हवेच्या सुमारें सहापट असतो, तो ५० अंशांवर सुमारें दुप्पट होतो. वैशाखांत उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत असा डबा ठेवणें म्हणजे आपट-बार ठेवण्यासारखें आहे.

इतर वारे

तोंडाची फुंकर ही सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच सर्वांत मोहाची. अग्नि मुखानें फुंकूं नये असा स्मृतीचा निषेध आहे. तो अग्नीपेक्षांहि फिल्मला अधिक लागू पडतो. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक तुषार उडतात, ते सरसावर वाळून डाग पाडतात; आणि ही उष्टी फुंकर दमट असते ती वेगळीच.

पंक्चरवाल्याच्या दुकानांतला काँप्रेसर पुष्कळांस सुचतो. मलाहि सुचला होता. परंतु त्याचा दट्ट्या तेलावर चालतो, आणि तेलाचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर बाहेर येतात. पाण्याचें तर विचारूंच नये. तीस अंश उष्णतेच्या, पूर्ण दमट अशा एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम पाणी असतें. ती हवा दाबून अष्टमांश जागेंत कोंडली व पुन्हां निवूं दिली, तर त्यांतलें सुमारें २६ ग्रॅम पाणी टाकींत उतरतें. तें वेळोवेळीं काढलें नाहीं तर नळींतून कोठें जाणार? मोटारीच्या चाकाला ह्या दोहोंचें कांहीं वाटत नाहीं, फिल्मला वाटतें. शिवाय दाब फार. अमेरिकेंतील कारखान्यांच्या सुरक्षानियमांत सफाईच्या वाऱ्याचा दाब दर चौरस इंचास ३० पौंडांच्या आंत ठेवावा असें बंधन आहे, तें मजबूत यंत्रें झाडणाऱ्या धडधाकट कामगारांसाठीं. मग हातभर फिल्मची काय कथा? ज्यांचें काम रोजचें व मोठें आहे, त्यांनीं तेलाविरहित, पडद्यावर चालणारा लहान काँप्रेसर घ्यावा, त्यास पाणी अडवणारी बाटली व गाळणी जोडावी, आणि दाब कमी ठेवावा. हा मार्ग निर्दोष आहे, पण तो धंदेवाल्यांचा.

लोखंडी नळकांड्यांतला नायट्रोजन स्वच्छ, कोरडा, न पेटणारा, आणि आपल्या हवेचाच चारपंचमांशाजवळ भाग. गुणांनीं उत्तम. परंतु नळकांड्यांतला दाब हवेच्या सुमारें दीडशेंपट. दाब उतरवणाऱ्या यंत्राशिवाय त्याला हात लावूं नये, आणि नळकांडें भिंतीस सांखळीनें बांधावें. शिवाय अंधारखोली म्हणजे दारें-खिडक्या घट्ट बंद केलेली खोली. तेथें नायट्रोजन सांचला तर प्राणवायु कमी पडतो, आणि त्याला वास नसल्यामुळें मनुष्यास कळण्यापूर्वींच शुद्ध हरपते. प्राणवायूचें नळकांडें मात्र ह्या कामास कदापि वापरूं नये. तेल, कापूस, कापड ह्यांना तो भयंकर वेगानें पेटवतो.

कार्बन डायऑक्साइडचीं बोटाएवढीं नळकांडीं सोड्याच्या बाटलीसाठीं व सायकलीच्या चाकासाठीं मिळतात. त्यांतला वायु जोरानें सुटला कीं इतका गार होतो कीं त्याचा हिमकण बनतो, आणि त्या हिमाची थंडी उणें ७८ अंशांची. चाकांसाठींच्या नळकांड्यांत तेलाचा अंश असूं शकतो. शिवाय हा वायु ३१ अंशांच्या वर द्रवरूपांत राहूंच शकत नाहीं. आपला उन्हाळा त्याच्या पलीकडचा, त्यामुळें आंतला दाब फार चढतो. एवढी जोखीम एका कणासाठीं घेण्याचें कारण नाहीं.

रबरी फुगा

इतकें ऐकल्यावर मी आमच्या पेठेंतील एका वृद्ध छायाचित्रकारांकडे गेलों. त्यांचा स्टुडिओ आतां बंद आहे, पण हजारों निगेटिव्ह त्यांनीं नीट संभाळल्या आहेत. “तुम्ही कोणता वायु वापरीत होतां?” असें मीं विचारलें. त्यांनीं खुंटीवरचा एक रबरी फुगा काढून माझ्या हातांत दिला. “हा, आणि उंटाच्या केंसांचा म्हणून विकतात तो कुंचला. कुंचल्याचे केंस खरोखर खारीचे असतात, उंटाचा त्यांत संबंध नाहीं,” एवढेंच ते म्हणाले.

ह्या फुग्यास दुकानदार ब्लोअर म्हणतात. लिंबापेक्षां थोडा मोठा रबरी गोळा, व पुढें चोंच. तो दाबला कीं खोलींतलीच हवा बाहेर पडते: खोलीइतकीच उबदार, गोठवीत नाहीं, पेटत नाहीं, कडू पूट ठेवीत नाहीं, आणि आकाशाचें काहीं घेत नाहीं. एकदां घेतला कीं वर्षानुवर्षें पुरतो. दोष दोनच. नव्या फुग्यांत रबराची भुकटी असते, म्हणून आधीं दहावीस वेळां दुसरीकडे फुंकून ती काढून टाकावी. आणि दाबलेला फुगा सोडतांना तो हवा ओढून घेतो. चोंच धुळीजवळ असेल तर तीच धूळ आंत जाते व पुढच्या फुंकरीस बाहेर येते. म्हणून मागच्या बाजूस झडप असलेला फुगा घ्यावा, किंवा सोडण्यापूर्वीं चोंच बाजूस न्यावी.

झाडण्याचा विधि

प्रथम खोली. सकाळीं केर काढून ओल्या फडक्यानें जमीन पुसावी, पंखा बंद करावा, आणि अर्धा तास कोणी येजा करूं नये. धूळ खालीं बसण्यास वेळ लागतो. छायाचित्रकार ओल्या फिल्म न्हाणीघरांत वाळत घालतात तें ह्यासाठींच. तेथें धूळ कमी असते. अंगावर लोकरीचें वस्त्र नसावें. त्याचे तंतू झडतात.

मग निगेटिव्ह. हात धुऊन, कोरडे करून, ती फक्त कडांना धरावी. टेबलावर आडवी कधींहि ठेवूं नये. उभी धरावी, किंवा चित्राची बाजू जमिनीकडे करावी, म्हणजे सुटलेला कण खालीं पडतो, परत बसत नाहीं. एका बाजूनें तिरपा दिवा ठेवावा. समोरून न दिसणारे कण तिरप्या उजेडांत चमकतात. वीतभर अंतरावरून, एका कडेकडून दुसरीकडे, फुंकरी घालाव्या. जें राहील तें कुंचल्याच्या टोंकानें, दाब न देतां, एकाच दिशेनें सारावें, व पुन्हां एक फुंकर घालावी. कुंचल्यास बोट लावूं नये. बोटाचें तेल त्याला लागतें. विद्युत् फार असेल तर ती घालवणारे कार्बनच्या तंतूंचे कुंचले मिळतात. एके काळीं तर पोलोनियम ह्या किरणोत्सर्गी धातूचा अंश बसवलेले कुंचलेहि विकत असत. त्याचे किरण सभोंवतालच्या हवेस विद्युद्वाहक करून फिल्मवरची विद्युत् काढून घेत. परंतु त्या धातूचें बळ दर १३८ दिवसांनीं निम्मे होतें, म्हणून कुंचल्याचें आयुष्यहि बेताचेंच असे.

इतकें करूनहि जें निघत नाहीं ती धूळ नव्हे. बुरशी, बोटाचा ठसा किंवा डाग होय. तें वाऱ्याचें काम नाहीं, जाणत्याकडे न्यावें. निगेटिव्हला शिरक्याचा वास येत असेल तर तिचा आधारच कुजूं लागला आहे. तिची प्रत आधीं उतरून घ्यावी, झाडणें मागून. आणि पाकिटांत १९५० पूर्वींच्या फिल्म निघाल्या, त्यांच्या कडेस ‘सेफ्टी’ हा शब्द नसला, तर त्या ज्वालाग्राही नायट्रेटच्या असण्याचा संभव आहे. त्या दिव्याजवळ नेऊं नयेत.

कॅमेऱ्यालाहि हाच नियम. तोंड खालीं करून फुग्यानें फुंकावें, म्हणजे धूळ बाहेर पडते. आंतील पडदा कापडाचा असो वा पातळ पत्र्यांचा, त्याच्यावर जोराचा वारा कधीं सोडूं नये. हल्लींच्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागीं जो प्रकाशग्राही पट असतो, त्याच्यावर डब्याचा फवारा तर मुळींच नको. भिंगावर आधीं फुगा, मग कुंचला, आणि अगदींच लागलें तर शेवटीं मऊ कागद. कारण धूळ असतां पुसणें म्हणजे वाळूनें घासणें.

ज्यांना डबाच वापरावयाचा आहे त्यांनीं निदान इतकें पाळावें: डबा उभा, न हलवलेला, पहिली फुंकर दुसरीकडे, एकेक सेकंदाचा दाब, वीतभर अंतर, खिडकी उघडी, दिवा व विस्तव दूर, आणि काम होतांच डबा मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं. फिल्मसाठीं मात्र माझें मत आतां ठाम आहे. वारा निवडतांना तो किती जोराचा, हें शेवटीं पाहावें. आधीं पाहावें तें हें कीं, त्याच्याबरोबर आणखी काय येतें: थंडी, तेल, पाणी, आग, कीं विष. ज्याच्याबरोबर कांहींच येत नाहीं असा वारा फुग्याचाच.

दादा हल्लीं आमच्याच घरीं वरच्या मजल्यावर असतात. त्यांचें वय आतां अठ्याहत्तर. झालेला प्रकार त्यांना सांगण्यास मला आठ दिवस लागले. शेवटीं निगेटिव्ह त्यांच्या हातीं दिली. त्यांनीं ती खिडकीकडे धरली, पुष्कळ वेळ पाहिली, ओरखड्यांवर एक शब्दहि काढला नाहीं. मग म्हणाले, “उरलेल्या किती आहेत?”

“एकतीस,” मी म्हणालों.

“त्या नीट कर,” एवढेंच ते म्हणाले, व निगेटिव्ह त्यांनीं आपल्या हातानें पाकिटांत घातली.

तें काम भाद्रपदांत पुरें झालें. रोज सकाळीं दोन, फार तर तीन. नातवास फुगा दाबण्याची हौस, म्हणून तो शेजारीं बसे. चोंच केव्हां बाजूस न्यावयाची, हें तो माझ्याहून लवकर शिकला. एकतिसांपैकीं एकीवरहि नवा ओरखडा नाहीं. आईचें चित्रहि छापून घेतलें, ओरखड्यांसकट. संगणकावर ते पुसून टाकतां येतील असें चिरंजीव म्हणाले. दादांनीं नको म्हटलें, आणि मलाहि तें पटलें. तें चित्र आतां बैठकींत आहे. फुगा त्याच्याच खालीं खुंटीला टांगलेला असतो.